भाजीची रोपं घ्यायला पहिल्यांदाच रोपविक्रीला जाताय? मग हे वाचून जा

सामूहिक बागेत, शाळेच्या मैदानात नाहीतर बागकाम करणाऱ्या एखाद्या ग्रुपने मिळून भरवलेली रोपविक्री असते ना, तिच्याबद्दल लिहितेय. नर्सरीबद्दल नाही. इथे रोपं वाढवणारे लोक तुमच्याआमच्यासारखेच असतात, कुणी खिडकीत बी टाकलेलं असतं, कुणी गच्चीवर ट्रे लावलेले असतात, स्वतःला लावून उरलेली आणि थोडी मुद्दाम जास्तीची केलेली रोपं एका सकाळी टेबलावर मांडतात आणि दुपारपर्यंत बहुतेक सगळं संपतं.

पहिल्यांदा आलेला माणूस तिथे हमखास दोन गोष्टी करतो. एक, सगळ्यात उंच आणि फुलं लागलेलं रोप उचलतो. दोन, ज्यांनी ते वाढवलं त्यांच्याशी काहीच न बोलता पैसे देऊन निघतो. मला या दोन्हीबद्दल मनापासून सांगायचंय, कारण रोपविक्रीत रोपाइतकीच किंमत टेबलामागे उभ्या असलेल्या माणसाच्या माहितीला असते, आणि ती माहिती विचारली की मिळते, नाही विचारली तर कुणी मागे धावत येऊन सांगत नाही.

आधी घरी बसून जागा मोजा

हे काम कंटाळवाणं वाटतं पण हेच सगळ्यात उपयोगी आहे. जिथे रोपं लावणार त्या जागेचे एकाच दिवशी फोनवर फोटो काढा, सकाळी ८ पासून दर दोन तासांनी एक, संध्याकाळपर्यंत. फोटोंवरून कळतं की थेट ऊन नक्की किती तास पडतं. टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी, भोपळा, म्हणजे ज्यांचं फळ आपण खातो त्या सगळ्यांना रोज ६ ते ८ तास ऊन हवंच. ४ तासच ऊन असेल तर पालेभाज्यांकडे वळा, त्या तेवढ्यात भागवून घेतात. "उजेड भरपूर येतो" आणि "ऊन पडतं" यात खूप फरक आहे, पहिल्या वर्षी मी इथेच चुकले होते, टोमॅटोची झाडं चार फूट वाढली आणि फळं दोन का तीन लागली.

मग कुंड्या किंवा वाफे मोजा. कुंडीत लावणार असाल तर एका टोमॅटोला १५ ते २० लिटरची कुंडी लागते, मिरची आणि वांग्याला १० ते १२ लिटरची चालते, आणि एका कुंडीत एकच रोप. जमिनीत लावणार असाल तर टोमॅटोसाठी दोन रोपांत साधारण ४५ ते ६० सेंटीमीटर, वांग्याला ६० च्या आसपास, मिरची आणि कोबी-फ्लॉवरला ३० ते ४५ धरा. आता भागाकार करून आकडा काढा आणि कागदावर लिहा, "टोमॅटो ३, मिरची ४, वांगं १" असं. हा कागद बरोबर न्यायचा. टेबलावरची हिरवीगार रोपं बघून भान राहत नाही हो, कागद असला की निदान कळतं की आपण किती पुढे गेलोय.

कशाची रोपं घ्यायची, कशाची नाही

टोमॅटो, सगळ्या प्रकारच्या मिरच्या, वांगी, कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, यांची रोपं घेण्यात खरा फायदा आहे कारण बी टाकल्यापासून लावण्याजोगं रोप व्हायला टोमॅटोला ४ ते ६ आठवडे आणि मिरची-वांग्याला ६ ते ८ आठवडे लागतात आणि नवशिक्याची बहुतेक रोपं याच काळात मरतात. तो अवघड काळ दुसऱ्या कुणीतरी काढलेला असतो.

गाजर आणि मुळ्याची रोपं कुणी ठेवली असतील तर घेऊ नका. त्यांचं मधलं मूळ हलवताना दुमडलं किंवा तुटलं की त्याला फाटे फुटतात आणि वाकडंतिकडं काहीतरी हाती येतं. कोथिंबीर, शेपू पण जागच्या जागी पेरलेलीच बरी, हलवलं की नाराज होतात आणि लगेच फुलावर जातात. वाटाणा, घेवड्याचं बी मोठं असतं, ऊबदार ओल मिळाली की आठवड्याभरात वर येतं, त्याला पैसे कशाला घालवायचे. काकडी-भोपळ्याची रोपं घेतली तर चालतात, पण अगदी लहान असतानाच, २ ते ३ खरी पानं असलेली. त्यांच्या मुळांना हात लावलेला अजिबात खपत नाही.

खरी पानं म्हणजे काय ते सांगते. बी उगवल्यावर पहिल्यांदा जी जोडी येते ती बीजदलं, ती गुळगुळीत आणि बहुतेक भाज्यांत सारखीच दिसतात. त्यानंतर त्या भाजीची ओळख असलेली पानं येतात, टोमॅटोची कातरलेली, वांग्याची जरा मऊ लवदार. ती खरी पानं. वय ओळखायचं असेल तर तीच मोजायची.

आणि हवामान बघा. टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी या उबेच्या भाज्या आहेत, रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली जात असेल तर बाहेर नुसत्या थिजून बसतात, मिरची-वांग्याला तर आणखी थोडी ऊब लागते. कोबी-फ्लॉवरचं उलट, त्यांना गारवा आवडतो, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर लावलं तर गड्डा नीट धरत नाहीत. रोप विकायला ठेवलंय म्हणजे ते लावायची वेळ झालीच आहे असं समजू नका.

बरोबर काय न्यायचं

बुटक्या भिंतींचा पुठ्ठ्याचा खोका, जुनी वर्तमानपत्रं, पाण्याची छोटी बाटली, सुटे पैसे, कागदी चिकटपट्टी आणि पेन्सिल. पेन नाही, मार्करही नाही, साधी शिसपेन्सिल. एकदा मी सहा मिरच्यांच्या कुंड्यांवर मार्करने छान नावं लिहिली आणि काही आठवड्यांच्या उन्हात सगळ्या पट्ट्या कोऱ्या झाल्या, कुठली तिखट आणि कुठली गोड ते पहिलं फळ चाखेपर्यंत कळेना. पेन्सिलीचं शिसं उन्हाने उडत नाही, खडबडीत प्लास्टिकवर लिहिलेलंही वर्षभर वाचता येतं.

पोचल्यावर लगेच काही उचलू नका

लवकर जा, उघडायच्या वेळेलाच, कारण चांगली रोपं पहिल्या तासाभरात जातात. शेवटी शेवटी भाव उतरवतात हे खरंय, पण तेव्हा उरलेली रोपं का उरली तेही एकदा बघायला हवं. पोचल्यावर आधी सगळ्या टेबलांवरून एक फेरी मारा, हात मागे ठेवून. एकाच टोमॅटोची रोपं दोन टेबलांवर असतात आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक असतो, तो फेरी मारल्याशिवाय दिसत नाही.

रोप कसं बघायचं

आता मुख्य गोष्ट. रोप हातात घ्या आणि आधी उंची नाही, बुंधा बघा. चांगल्या टोमॅटोच्या रोपाचा बुंधा साधारण पेन्सिलीइतका जाड असतो, उंची १५ ते २० सेंटीमीटर, आणि एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंतचं अंतर कमी असतं, म्हणजे रोप कसं गुटगुटीत दिसतं. ज्याचा देठ बारीक, लांब, फिकट आणि वर जाऊन एका बाजूला कललेला आहे ते उजेडाच्या शोधात ताणलेलं रोप. उंच दिसतं म्हणून जास्त वाढलेलं वाटतं पण ते उपाशी आहे. हलक्या हाताने शेंड्यावरून तळवा फिरवा, चांगलं रोप वाकून परत सरळ उभं राहतं, ताणलेलं तसंच वाकलेलं राहतं.

फुलं आलेली रोपं. हे मला माहितीये की पटायला अवघड जातं. छोट्याशा कपात रोपाला फूल किंवा फळ आलं म्हणजे बऱ्याचदा त्याची मुळं कोंडली गेलीयत, जागा संपली, म्हणून त्याने घाईने बी धरायला घेतलंय. एका वर्षी मी दोन टोमॅटो आणले होते, एकाच जातीचे, एक चांगलं दीड फूट उंच, त्याला वाटाण्याएवढी दोन हिरवी फळं, आणि दुसरं जेमतेम वीतभर. एकाच दिवशी, एकाच वाफ्यात लावले. मोठं रोप जवळजवळ तीन आठवडे होतं तसंच उभं राहिलं, ती दोन फळं पिकवली आणि दमलं. वीतभर रोपाने तेवढ्या वेळात त्याला गाठलं आणि मग शेवटपर्यंत तेच पुढे होतं. तेव्हापासून मी बुटकं रोपच उचलते. समजा फुलं आलेलंच घ्यावं लागलं तर लावताना ती फुलं खुडून टाका, मन घट्ट करून.

मग मुळं. कपाच्या तळाच्या भोकातून एखाददुसरं पांढरं मूळ डोकावत असेल तर उत्तम. तिथून मुळांचा झुपका बाहेर लोंबत असेल तर रोप कपात फार दिवस राहिलंय. आत बघायचं असेल तर आधी विचारा, "जरा काढून बघू का?", बहुतेक जण हो म्हणतात. डावा तळहात मातीवर ठेवायचा, रोपाचा बुंधा दोन बोटांच्या मधे, कप उलटा करायचा आणि तळाला उजव्या हाताने दोन टिचक्या मारायच्या, देठाला धरून ओढायचं नाही. मातीचा गोळा अख्खा हातात येतो. पांढरी, बारीक मुळं माती धरून बसलेली दिसली आणि मधे मधे माती पण दिसतेय तर एकदम छान. मुळं कपाच्या कडेने गोल गोल फिरून त्याची दोरी झाली असेल तर ते दुसऱ्या नंबरचं. तपकिरी, बुळबुळीत, कुजका वास येणारी मुळं असतील तर काही विचार न करता परत ठेवा. आणि गोळा धरलाच नाही, माती भुसभुशीत सांडली तर रोप कालपरवाच त्या कपात हलवलंय, अजून आठवडाभर त्याला कपातच राहू द्यायला हवं.

पानं उलटी करून बघा

हे कृपा करून प्रत्येक रोपाचं करा, कारण एक किडलेलं रोप घरच्या दहा कुंड्या घेऊन बुडतं. किडी वरून दिसत नाहीत, पानाच्या पाठीला असतात. शेंड्याच्या कोवळ्या पानांवर हिरवे-काळे बारीक ठिपके चिकटलेले आणि पान चिकट लागतंय, तो मावा. रोप जरा हलवल्यावर पांढरं पांढरं काहीतरी भुर्रकन उडून परत बसलं, ती पांढरी माशी, टोमॅटोच्या बाबतीत ही सगळ्यात वाईट कारण पानं आकसवणारा व्हायरस तीच पसरवते, आणि तो एकदा लागला की औषध नाही. पानावर बारीक फिकट ठिपके आणि पाठीला नाजूक जाळी, ती लाल कोळी नावाची अगदी बारीक कीड. पानात पांढऱ्या नागमोडी रेघा, ती नागअळी, एखादंच पान असेल तर ते खुडून रोप घेता येतं. पेरांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं, तो पिठ्या ढेकूण. डोळ्यांना दिसत नसेल तर फोनचा कॅमेरा लावून झूम करा, मी तर आता तेच करते.

खालची एकदोन पानं पिवळी असतील तर घाबरायचं कारण नाही, कपातलं खत संपलेलं असतं, लावल्यावर सावरतं. पण नवीन पानं, शेंड्याची, आकसलेली, वेडीवाकडी, पिवळट चट्ट्यांची असतील तर नको. शेंडा हा रोपाचा पुढचा महिना असतो. देठ मातीला टेकतो तिथे बारीक, तपकिरी, चिमटल्यासारखा झालाय का तेही बघा, तो मर रोग, त्याच ट्रेमधली बाकीची रोपं वरून चांगली दिसली तरी मी तो ट्रे सोडून देते.

कपातल्या मातीकडे पण एक नजर टाका. गवताचं पातं दिसलं तर ते लव्हाळा नाही ना याची खात्री करा, त्याची एक गाठ वाफ्यात गेली तर पुढची कित्येक वर्षं उपटत बसावं लागतं. हे मी अगदी कळकळीने सांगतेय.

एका कपात तीनचार रोपं दाटीने असतील तर "एकाच्या पैशात चार" असा हिशेब करू नका. मुळं एकमेकांत गुंतलेली असतात, सोडवायला गेलं की चारही दुखावतात. त्यातलं सगळ्यात जाड बुंध्याचं ठेवून बाकीची कात्रीने मातीलगत कापायची, उपटायची नाहीत.

आता बोला त्यांच्याशी

टेबलामागच्या माणसाला वेळ असेल तेव्हा, म्हणजे मागे दहा जण उभे नसताना, विचारा. बी कधी टाकलं होतं? रोपं घरात होती की बाहेर उन्हात? फवारणी कसली केलीय का आणि कधी? झाड किती वाढतं, आधार लागतो का? बी हायब्रीड म्हणजे संकरित आहे की सरळ जातीचं, ज्याच्या बीतून पुन्हा तसंच झाड येतं? स्वतः हीच जात लावलीय का, कशी आली?

बाहेर होती की आत, हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. खिडकीत वाढलेलं रोप थेट कडक उन्हात ठेवलं तर दोन दिवसांत पानांवर पांढरे भाजल्याचे डाग पडतात.

एकदा एका टेबलावर एक वयस्कर काका उभे होते, समोर टोमॅटोचे दोन ट्रे, दिसायला अगदी सारखे. मी म्हटलं, "काका, यात फरक काय?" तर ते म्हणाले, "हा अलीकडचा कमरेएवढा होतो आणि थांबतो, सगळी फळं महिनाभरात देऊन मोकळा. तो पलीकडचा थांबतच नाही, वेलासारखा वर वर जातो आणि थोडी थोडी देत राहतो. कुंडी आहे का वाफा?" मी कुंडी म्हटल्यावर त्यांनी अलीकडचं रोप दिलं आणि वर बजावून सांगितलं, "पण याचे बगलेतले फुटवे खुडू नकोस हां, खुडलेस तर फळंच कमी करशील. फुटवे खुडायचे ते त्या उंच वाढणाऱ्याचे." ही गोष्ट कुठल्याही लेबलवर लिहिलेली नव्हती. बुटकी जात आणि वाढतच राहणारी जात, टोमॅटो घेताना हा एक फरक विचारलाच पाहिजे, कारण कुंडी, काठी, छाटणी सगळं त्यावर ठरतं.

लेबलवर एफ-१ लिहिलं असेल तर ते हायब्रीड बी. पीक चांगलं येतं, पण त्याच्या फळातलं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर तसंच झाड येईल याची खात्री नाही. पुढे स्वतःचं बी धरायची इच्छा असेल तर सरळ जातीचं मागा. टोमॅटोच्या नावापुढे व्ही, एफ, एन अशी अक्षरं दिसली तर ती त्या जातीत कुठल्या रोगाला विरोध आहे ते सांगतात, पहिली दोन जमिनीतल्या बुरशीच्या मर रोगांची आणि एन म्हणजे मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींची.

सांगतात ते तिथेच पेन्सिलीने चिकटपट्टीवर लिहून कपाला लावा. घरी जाऊन लिहू म्हटलं की सगळं एकमेकांत मिसळतं.

घरी आणताना

खोक्यात रोपं उभी, एकमेकांना टेकून, मधल्या फटीत वर्तमानपत्राचे बोळे, म्हणजे वळणावर आडवी होत नाहीत. बंद गाडीत उन्हात ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नका, काचा बंद असलेली गाडी थोड्याच वेळात भट्टी होते आणि कोवळी पानं तिथेच शिजतात. दुचाकीवर नेणार असाल तर वाऱ्याने पानं फाटतात म्हणून वरून कागदाचं सैल शंकू करा. रोपं घेतली की सरळ घरी.

घरी आल्यावर थोडा धीर धरा

आल्या आल्या लावायची घाई नको. पहिला आठवडाभर नवीन रोपं जुन्या कुंड्यांपासून लांब ठेवा आणि दर दोन दिवसांनी पानांची पाठ बघा, कारण किडीची अंडी त्या दिवशी दिसलेली नसतात, ती आता फुटतात. काही दिसलं तर पाण्याच्या फवाऱ्याने पानं खालून धुवा, थोडाच मावा असेल तर एवढ्याने जातो.

याच आठवड्यात उन्हाची सवय करायची. पहिल्या दिवशी सावलीत बाहेर एक-दोन तास, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन, मग रोज तासदोनतास वाढवत ७ ते १० दिवसांत पूर्ण दिवस आणि मग रात्रही बाहेर. वाऱ्याची पण सवय होते, देठ जाड होतो. जी रोपं आधीपासूनच बाहेर वाढलीयत त्यांना एवढं लागत नाही, दोनतीन दिवस पुरतात. कपातलं पाणी मात्र रोज बघायचं, छोटा कप उन्हात एका दिवसात कोरडा होतो. कप उचलून बघा, हलका लागला की पाणी.

लावायचा दिवस

संध्याकाळी लावा, नाहीतर ढगाळ दिवशी. म्हणजे रोपाला सावरायला अख्खी रात्र मिळते. लावायच्या तासभर आधी कपाला भरपूर पाणी द्या, कोरडा गोळा कुंडीत गेला तर बाजूची माती ओली आणि गोळा आतून कोरडाच, असं होतं.

किती खोल लावायचं हे प्रत्येक भाजीचं वेगळं आहे आणि इथे बरेच जण चुकतात. टोमॅटो खोल लावायचा, खालची पानं काढून अर्धा-पाऊण देठ मातीत गेला तरी चालतं, कारण पुरलेल्या देठाला मुळं फुटतात. ताणलेलं उंच रोप असेल तर छोटा चर काढून देठ आडवा निजवा आणि शेंडा वर ठेवा. कोबी-फ्लॉवर बीजदलांपर्यंत पुरले तर चालतात, मधला कोंब मात्र मातीखाली जाता कामा नये. मिरची-वांगी कपात होती तेवढीच किंवा बोटभर जास्त. काकडी-भोपळा अगदी होते तेवढेच, देठावर माती चढवली तर कुजतात. आणि कलम केलेलं टोमॅटोचं रोप मिळालं असेल तर त्याचा जोड मातीच्या वरच राहिला पाहिजे, नाहीतर वरच्या भागाला मुळं फुटून कलमाचा उपयोगच जातो.

मुळांची दोरी झालेली असेल तर बोटांनी कडेची मुळं थोडी मोकळी करा, दोनचार तुटली तरी टोमॅटो, मिरची सहन करतात. काकडी-भोपळ्याचं मात्र तसंच अलगद ठेवा. कुजणाऱ्या कागदी किंवा पीटच्या (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या) कपात रोप असेल तर कपासकट लावता येतं, पण कपाची वरची कड मातीवर राहू देऊ नका, ती वातीसारखी आतलं पाणी शोषून हवेत उडवते. कड फाडून टाका, तळ पण फाडला तर बरंच.

टोमॅटोची काठी त्याच दिवशी रोवा. नंतर रोवायला गेलं की मुळांतून आरपार जाते. रात्री मातीलगत रोप कुरतडणाऱ्या अळ्यांचा त्रास असेल तर तळ कापलेला कागदी पेला रोपाभोवती दोनतीन सेंटीमीटर मातीत दाबून ठेवा. मग माती हाताने हलकी दाबा, झारीने भरपूर पाणी द्या, आणि वाळलेल्या पानांचं किंवा गवताचं आच्छादन घाला, देठाला चिकटवून नाही, चार बोटं सोडून. पहिले तीनचार दिवस दुपारच्या उन्हाला एखादं पातळ कापड आडवं धरा. खत लगेच घालू नका, आठदहा दिवसांनी नवीन पान फुटलेलं दिसलं की मग.

पहिल्या पंधरवड्यात काय होईल

दुपारी पानं माना टाकतील. संध्याकाळी परत उभी राहिली तर काही करायचं नाही, दर वेळी पाणी ओतत बसलात तर मुळं कुजतील. सकाळी सकाळीच मलूल दिसलं तर मात्र बोट मातीत दोन पेरं घालून बघा, कोरडं असेल तर पाणी, आणि ओलं असूनही मलूल असेल तर पाणी जास्त झालंय किंवा मुळांना काहीतरी लागलंय. पानांवर पांढरे डाग पडले तर ते उन्हाचे, ती पानं सुधारत नाहीत पण नवीन येतात ती चांगली असतात, डागाळलेली लगेच काढू नका, तीही थोडंफार काम करत असतात. आठवडा दहा दिवस रोप तसूभरही वाढलेलं दिसणार नाही, खाली मुळांचं काम चालू असतं. मग एक दिवस शेंड्यात अगदी पोपटी रंगाचं, बोटाच्या नखाएवढं नवीन पान दिसेल, ते दिसलं की रोप लागलं.

भोपळा-काकडीला पहिली सगळी फुलं गळून पडली तरी काळजी करू नका, आधी येतात ती नर फुलं, मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं त्यावरून ते ओळखू येतं. टोमॅटो, मिरची, वांगं यांच्या एकाच फुलात दोन्ही असतं, त्यामुळे एकच झाड असलं तरी फळ धरतं.

रिकामे झालेले कप आणि ट्रे टाकू नका. साबणाने धुवा, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणात दहा मिनिटं बुडवून परत धुवून वाळवा, जुन्या मातीतली बुरशी त्याने जाते, आणि पुढच्या रोपविक्रीला ते त्याच लोकांना नेऊन द्या, त्यांना कप नेहमीच कमी पडतात. जाताना झाडाचा एक फोटो पण दाखवा आणि खरंखुरं सांगा, कुठलं रोप जोरात आलं, कुठलं आलंच नाही. पुढच्या वर्षी कुठलं बी टाकायचं हे ते त्यावरच ठरवतात.